प्रोटॉनला वळण मॅग्नेट लावतो, पण मॅग्नेटला वळण कोण लावणार?

शंकेखोर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं टाकतो. एलएचसी (सर्न या युरोपीय प्रयोगशाळेचा प्रोटॉनच्या टकरी घडवणारा महाकाय अॅक्सिलरेटर) म्हटलं की सगळे हिग्ज कणावर घसरतात, मला मात्र तिथल्या मॅग्नेटनी पछाडलंय. सुमारे २७ किमी घेराचं वर्तुळ, त्यात १२३२ डायपोल (दोन ध्रुवांचे मॅग्नेट), एकेक १५ मीटर लांब आणि ३५ टन वजनाचा, आणि एवढ्या धुडाचं काम काय तर प्रोटॉनचा मार्ग थोडासा वाकवणं. ३६० भागिले १२३२ करून बघा, एका मॅग्नेटच्या वाट्याला ०.३ अंशसुद्धा येत नाही!

एक गोष्ट आधीच सांगतो कारण माझाही आधी तोच गोंधळ होता: मॅग्नेट प्रोटॉनचा वेग वाढवत नाहीत. चुंबकीय बल कायम चालीच्या काटकोनात असतं त्यामुळे ते फक्त दिशा बदलतं, ऊर्जा देण्याचं काम आरएफ कॅव्हिटीचं, म्हणजे विद्युत क्षेत्रानं प्रोटॉनला पुढे ढकलणाऱ्या पोकळ्यांचं.

मग मॅग्नेट एवढे तगडे कशाला? तर एक साधं सूत्र आहे, संवेग जीईव्हीमध्ये (कणांच्या ऊर्जेचं एकक, १००० जीईव्ही म्हणजे १ टीईव्ही) घेतला तर तो = ०.३ × चुंबकीय फील्ड टेस्लामध्ये × वळणाची त्रिज्या मीटरमध्ये. डिझाइनचं फील्ड ८.३३ टेस्ला आणि त्रिज्या २८०४ मीटर घातली की उत्तर येतं ७००७, म्हणजे ७ टीईव्ही. कागदावर स्वतः करून बघितलं तेव्हा लई भारी वाटलं. (२८०४ त्रिज्येचा परीघ १७.६ किमीच होतो, उरलेल्या जागेत सरळ भाग, फोकस करणारे मॅग्नेट, डिटेक्टर वगैरे.) आता साध्या लोखंड-तांब्याच्या मॅग्नेटनी हे करायचं तर लोखंड २ टेस्लाच्या आसपास सॅच्युरेट होतं (त्यापुढे फारशी मदत करत नाही), म्हणजे फील्ड कमी, म्हणजे वर्तुळ मोठं. सर्नचाच हिशोब आहे की तेवढ्याच ऊर्जेसाठी १२० किमीचं वर्तुळ लागलं असतं आणि वीज ४० पट.

इथपर्यंत समजलं. अडलंय ते पुढे. म्हणून एलएचसीचे मॅग्नेट सुपरकंडक्टर तारेचे. पण सुपरकंडक्टर म्हणजे रेझिस्टन्स शून्य ना? एकदा करंट भरला की काम झालं, उष्णता नाही, काही नाही. मग हे लोक सारखे "क्वेंच झाला", "ट्रेनिंग चालू आहे" असं का म्हणत असतात? मॅग्नेटचं ट्रेनिंग?? तो काय पैलवान आहे?

आणि दुसरी शंका, बीम (प्रोटॉनचा झोत) फोकस करायला क्वाड्रुपोल (चार ध्रुवांचे मॅग्नेट, थोडक्यात क्वाड) लागतात म्हणे, पण क्वाड एका दिशेनं बीम आवळतो आणि दुसऱ्या दिशेनं पसरवतो. मग फायदा काय झाला?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नुसताच_वाचक
रुमाल टाकून ठेवतोय.

तारायंत्र
छान धागा. मी इलेक्ट्रिकलवाला, म्हणून माझ्या कोपऱ्यातून सुरुवात करतो. रेझिस्टन्स शून्य हे खरं, पण इंडक्टन्स (करंट वाहताना फील्डमध्ये ऊर्जा साठवायचा गुण) शून्य नाही ना राव. एका डायपोलचा इंडक्टन्स साधारण ०.१ हेन्री, करंट ११,८५० अँपियर. अर्धा एल आय वर्ग (एल इंडक्टन्स, आय करंट) केलं की ७ मेगाज्यूल. हा आकडा डोळ्यासमोर येत नाही म्हणून उलटा हिशोब करतो: तोच ३५ टनी मॅग्नेट ताशी ७२ किमी वेगानं धावत असता तर जेवढी गतिज ऊर्जा असती तेवढी त्याच्या फील्डमध्ये नुसती बसलेली असते. आणि असे १५४ मॅग्नेट एका सेक्टरमध्ये (वर्तुळाच्या आठव्या भागात) सिरीजमध्ये, म्हणजे एकाच सर्किटमध्ये १.१ गिगाज्यूल.

शून्य रेझिस्टन्स आहे तोवर ही ऊर्जा गुपचूप बसते. एका ठिकाणी रेझिस्टन्स उगवला की सगळी तिथेच बाहेर पडायला बघते. शंकेखोर, तुमच्या "मग अडचण काय" चं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं थंडोबा देतील, येतीलच ते.

थंडोबा
आलो. 😄

सुपरकंडक्टर म्हटलं की लोकांना फक्त तापमान आठवतं. पण मर्यादा तीन असतात, तापमान, फील्ड आणि करंट, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेल्या. एलएचसीच्या तारेतला मिश्रधातू नायोबियम-टायटॅनियम ९.२ केल्विनला (उणे २६४ सेल्सिअसला) सुपरकंडक्टर होतं हे पुस्तकातलं वाक्य झालं, ते फील्ड नसताना. ८ टेस्लाचं फील्ड आणि ठासून करंट अशा अवस्थेत तीच तार १.९ केल्विनवर ठेवली तरी काठापासून जेमतेम दीड केल्विन लांब असते. दीड केल्विन चढलं की त्या जागी ती साधी तार होते, आणि साधी तार म्हणून हा मिश्रधातू तांब्यापेक्षा कैकपटीनं वाईट. तिथे उष्णता तयार होते, शेजारचा भाग तापतो, तोही साधा होतो, आणि ही आग पसरत जाते. हाच क्वेंच.

आता दीड केल्विन चढायला किती ऊर्जा लागते? इथे खरी गंमत आहे. एवढ्या थंडीत धातूंची उष्णता धरून ठेवायची ताकदच गेलेली असते. घन सेंटिमीटरला काही मिलिज्यूल पुरतात. आणि ते येतात कुठून, तर तार सरकण्यातून. डायपोलच्या दर मीटर लांबीमागे कॉइलवर सुमारे ४०० टनांचं बल येतं, डावी-उजवी बाजू एकमेकींपासून लांब ढकलणारं. म्हणून कॉइलभोवती स्टीलच्या कॉलर घट्ट दाबून बसवतात. तरीसुद्धा कुठेतरी एखादी तार काही मायक्रॉन सरकते, घर्षण होतं, संपला खेळ.

आणि ट्रेनिंग म्हणजे तुम्ही म्हणालात तसं पैलवानाचंच आहे. नवा मॅग्नेट पहिल्यांदा चढवला की डिझाइनच्या बराच आधी क्वेंच होतो. पण जी तार सरकायची ती सरकून आता नीट बसलेली असते. परत थंड करा, परत चढवा, या वेळी थोडा वर जातो, तिथे दुसरं काहीतरी बसतं. असं करत करत तो वळणावर येतो. वैताग म्हणजे मॅग्नेट गरम करून परत थंड केला की शिकवलेलं काही प्रमाणात विसरतो. २०१५ मध्ये ६.५ टीईव्हीसाठी सगळे डायपोल तयार करताना १७० हून जास्त ट्रेनिंग क्वेंच झाले होते, हे सगळे आधी टेस्ट होऊन पास झालेले मॅग्नेट बरं का.

शंकेखोर
म्हणजे जो प्रोटॉनला वळण लावणार त्यालाच आधी वळण लावावं लागतं. धाग्याचं शीर्षक बदलून टाकतो.

पण क्वेंच झाल्यावर तो जळून कसा जात नाही? ७ मेगाज्यूल कुठे जातात?

तारायंत्र
जळू नये म्हणून बरीच तजवीज असते. पहिलं म्हणजे तारेत तांबं. एलएचसीची तार जेमतेम १ मिमी जाडीची, तिच्यात नायोबियम-टायटॅनियमचे ६-७ मायक्रॉनचे हजारो धागे, आणि अर्ध्याहून जास्त भाग तांब्याचा. क्वेंच झाला की करंट तांब्यातून जातो, नाहीतर धागे क्षणात वितळतील.

दुसरं म्हणजे लक्ष ठेवणं. कॉइलवर १०० मिलिव्होल्टचा फरक १० मिलिसेकंद टिकला की सिस्टिम क्वेंच झाला असं धरते. आणि मग काय करते, तर मॅग्नेट मुद्दाम तापवते! कॉइलला चिकटवलेल्या हीटर पट्ट्यांत कपॅसिटर रिकामे करून सगळीच कॉइल साधी करून टाकायची, म्हणजे ऊर्जा एका टिचभर जागेत न जाता सगळ्या कॉइलभर वाटली जाते. मला पहिल्यांदा वाचताना उलटंच वाटलं होतं, आग लागली की सगळं घर पेटवून द्या. पण हिशोब बरोबर आहे.

तिसरं, प्रत्येक डायपोलला समांतर एक डायोड, तोही आत हीलियममध्येच. सेक्टरमधल्या बाकी १५३ मॅग्नेटचा करंट या आजारी मॅग्नेटला वळसा घालून डायोडमधून जातो, आणि दरम्यान सगळ्या सर्किटचा करंट मोठ्या रेझिस्टरमध्ये काढून घेतात. याला मिनिटं लागतात.

अवांतर: त्या हीटरचे पॉवर सप्लाय आणि मॅग्नेट ज्यावर टेकवून अलाइन करतात ते जॅक भारतातून गेलेत. डायपोलच्या टोकाला बसणारे छोटे सुपरकंडक्टिंग करेक्टर मॅग्नेटही (फील्डच्या चुका सुधारणारे) बरेच भारतातले.

तिरकस
सगळं ठीक, पण एवढा आटापिटा १.९ केल्विनसाठी का? ४.२ ला लिक्विड हीलियम उकळतंच, तिथेच थांबायचं. उगाच शोबाजी.

थंडोबा
@तिरकस, टेव्हाट्रॉन (अमेरिकेतला जुना अॅक्सिलरेटर) ४ केल्विनच्या आसपासच चालवायचे की. १९८३ ला सुरू झालेलं, सव्वासहा किमीचं, फील्ड ४ टेस्लाच्या थोडं वर. तेवढ्याला ४ केल्विन पुरतं. ८ च्या वर जायचं आणि तार तीच वापरायची तर थंडी वाढवण्यावाचून इलाज नाही.

पण १.९ निवडायला आणखी एक कारण आहे. २.१७ केल्विनखाली हीलियम सुपरफ्लुइड होतं. ते तारांच्या बारीक फटींत शिरतं आणि उष्णता इतक्या झटपट वाहून नेतं की आत बुडबुडेच होत नाहीत. मॅग्नेट अशा हीलियमच्या डोहात बुडवलेला असतो, त्यातून एक नळी जाते आणि त्या नळीत कमी दाबाचं हीलियम उकळून उष्णता घेऊन जातं. म्हणजे सुपरफ्लुइड हा नुसता गारवा नाही, तो वाहकही आहे.

फुकट मात्र काहीच नाही. १.९ केल्विनवरची १ वॅट उष्णता बाहेर काढायला बाहेर जवळपास १००० वॅट वीज लागते. म्हणून बाहेरची उष्णता आत येऊ नये यासाठी निर्वात कवच, मध्ये चकचकीत फॉइलचे थर, आधाराचे पाय उष्णता न वाहणाऱ्या कंपोझिटचे, असा सगळा जुगाड. आणि थंड होताना सगळं आकुंचन पावतं, १५ मीटरचा मॅग्नेट साधारण ४५ मिमी आखडतो. दोन मॅग्नेटच्या मध्ये बेलोज (लवचीक घड्यांच्या नळ्या) नसतील तर सगळं फाटेल.

एकदा टेस्ट बेंचवर (कुठे ते जाऊ दे) आमची एक छोटी कॉइल ठरलेल्या करंटच्या सत्तर टक्क्यांच्या वर जायलाच तयार नव्हती. ट्रेनिंग करून थकलो, प्रत्येक वेळी तिथेच क्वेंच, एक इंच पुढे नाही. शेवटी उघडून बघितलं तर टोकाच्या वळणावरचा एक स्पेसर (तारांमधली फट भरणारा तुकडा) रेझिनशिवायच राहिला होता आणि दर वेळी हलत होता. ट्रेनिंगनं सुधारतं ते बसायची जागा असलेलं. जिथे मुळात पोकळी आहे तिथे कितीही शिकवा.

काटकोन
क्वाडचा प्रश्न अजून कोणी घेतला नाही म्हणून मी घेतो.

शंकेखोर, तुमची शंका अगदी बरोबर आहे, क्वाड आडव्या दिशेत फोकस करत असेल तर उभ्या दिशेत डिफोकस करतोच, मॅक्सवेलची समीकरणं दुसरं काही करूच देत नाहीत. पण आता एक फोकस करणारं भिंग आणि एक तेवढंच पसरवणारं भिंग थोडं अंतर सोडून ठेवा. फोकस आधी असेल तर किरण दुसऱ्या भिंगावर आसाच्या जवळ पोचतो, आणि भिंग आसाजवळ कमी ढकलतं, म्हणून पसरवणं कमी पडतं. पसरवणारं आधी असेल तर किरण दुसऱ्या भिंगावर लांबून येतो आणि तिथे आवळणं जास्त होतं. दोन्ही क्रमांत शेवटी बीम आवळलाच जातो! क्वाड आलटून पालटून ९० अंशांत फिरवून लावायचे, बस. कूरंट, लिव्हिंग्स्टन आणि स्नायडर यांनी १९५२ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत हे मांडलं, आणि नंतर कळलं की ख्रिस्तोफिलोस नावाच्या ग्रीक इंजिनिअरला हे १९५० च्या सुमारासच सुचलं होतं आणि त्यानं पेटंटचा अर्जही केलेला. तो तेव्हा कुठल्या प्रयोगशाळेत नव्हता, लिफ्टच्या धंद्यात होता.

याआधीच्या मशीनमध्ये बीम इतका गबाळा पसरायचा की पाइप प्रचंड मोठा लागायचा, आणि पाइप मोठा म्हणजे मॅग्नेट अगडबंब. एलएचसीच्या मुख्य मॅग्नेटचं भोक फक्त ५६ मिमी आहे ते याच युक्तीच्या जिवावर. तिथे असे मुख्य क्वाड ३९२ आहेत आणि त्यांचा ग्रेडियंट मीटरला २२३ टेस्ला, म्हणजे बरोबर मधोमध फील्ड शून्य आणि १ सेंटिमीटर बाजूला गेलात की २.२ टेस्ला. जो प्रोटॉन भरकटेल त्याला तेवढी जास्त चपराक.

नुसताच_वाचक
वा! भिंगांचा क्रम उलटला तरी उत्तर तेच, हे आवडलं. टक्कर होते तिथेही असेच क्वाड?

काटकोन
तिथे तीन-तीन क्वाडची गाठोडी असतात, त्यांना इनर ट्रिप्लेट म्हणतात. ०.२ मिमीचा बीम टक्करीच्या जागी १६ मायक्रॉनपर्यंत आवळायचा. पण याची एक किंमत आहे: बिंदूपाशी जितका बारीक करायचा तितका तो ट्रिप्लेटमध्ये आधी जाड होतो. भिंगाचंच गणित, बारीक ठिपका हवा तर भिंग रुंद हवं. म्हणून आणखी आवळायचं तर मोठ्या भोकाचे क्वाड हवेत, आणि मोठं भोक म्हणजे कॉइलवर जास्त फील्ड, आणि नायोबियम-टायटॅनियमचा दम तिथे संपतो.

एलएचसीच्या पुढच्या सुधारणेत, हाय ल्युमिनॉसिटी (टकरींची संख्या वाढवणारी) म्हणतात ती, नवे ट्रिप्लेट नायोबियम-टिनचे आहेत. भोक ७० वरून १५० मिमी, ग्रेडियंट उलट कमी, १३२ च्या आसपास, तरी कॉइलवरचं कमाल फील्ड ११ टेस्लाच्या वर.

तिरकस
मग आधीच नायोबियम-टिन का नाही वापरलं? १८ केल्विनचं आहे ना ते?

जुनाजाणता
तिरकसराव, कारण ते काचेसारखं तडकतं. नायोबियम-टायटॅनियमची तार हवी तशी वाकवा. नायोबियम-टिन हे संयुग, एकदा तयार झालं की वाकवलं की मेलं. म्हणून आधी नायोबियम आणि टिन वेगवेगळे असलेली तार गुंडाळायची आणि मग अख्खी कॉइल ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक दिवस भाजायची, तेव्हा आतल्या आत संयुग बनतं. त्या तापमानात नेहमीचं प्लॅस्टिक इन्सुलेशन टिकत नाही, काचधागा लागतो, नंतर रेझिन भरायचं. भाजल्यावर कॉइल जपून हाताळायची.

इतिहासाची गंमत बघा. कामरलिंग ओन्सनं १९११ मध्ये पाऱ्यात सुपरकंडक्टिव्हिटी पाहिली आणि दोनच वर्षांत तो १० टेस्लाच्या मॅग्नेटची स्वप्नं बघायला लागला. शिशाची कॉइल केली तर जरासं फील्ड चढल्यावर सगळं गायब. पुढची जवळजवळ ५० वर्षं काहीच नाही. १९६१ मध्ये बेल लॅबमध्ये नायोबियम-टिन ८.८ टेस्लातही करंट वाहतं हे दिसलं, म्हणजे भारी फील्डचा पहिला मानकरी हाच ठिसूळ गडी. पण अॅक्सिलरेटरमध्ये बाजी मारली नरम नायोबियम-टायटॅनियमनं. टेव्हाट्रॉन, हेरा, ऱ्हिक, एलएचसी, सगळे त्याचेच. कागदावर चांगला माल आणि गुंडाळता येणारा माल यात शेवटी गुंडाळता येणारा जिंकला.

तिरकस
बरं, मग हाय टेंपरेचरवाले? आता म्हणू नका तेही तडकतात.

थंडोबा
तडकतातच, सिरॅमिक आहेत ते. 😄 पण एलएचसीत ते आहेत, बाहेरून करंट आत नेणाऱ्या लीड्समध्ये, तांब्याची उष्णता आत येऊ नये म्हणून. मॅग्नेटसाठी रुंद पट्टीच्या रूपात मिळतात आणि रुंद पट्टीत भोवरे करंट अडकून फील्डचा आकार बिघडवतात, जे बीमला अजिबात चालत नाही, इथे दहा हजारात एका भागाची चूक मोजतात. शिवाय क्वेंच फार हळू पसरतो. ऐकायला चांगलं वाटतं पण हळू पसरतो म्हणजे व्होल्टेज दिसेपर्यंत ती एक जागा जळून गेलेली असते.

तारायंत्र
जळण्यावरून, २००८ चा किस्सा राहिलाच. १० सप्टेंबरला पहिला बीम फिरला, सगळीकडे टाळ्या, आणि १९ ला बट्ट्याबोळ. दोष मॅग्नेटमध्ये नव्हताच, दोन मॅग्नेटमधल्या जोडात होता. चांगल्या जोडाचा रेझिस्टन्स ०.३ नॅनोओहम, या एकाचा २०० च्या आसपास निघाला. ८,७०० अँपियरला आय वर्ग आर काढा, १५ वॅट. एका लहानशा दिव्याएवढी उष्णता! पण तिथे ती टिकली नाही, जोड उघडला, विजेचा आर्क झाला, हीलियमचं भांडं भोकसलं, सुमारे ६ टन हीलियम निसटलं आणि निर्वात कवचात एवढा दाब झाला की मॅग्नेट जागचे उखडले. ५३ मॅग्नेट वर काढावे लागले, बीम परत यायला नोव्हेंबर २००९ उजाडला. मग २०१३-१४ च्या बंदमध्ये १०,००० हून जास्त जोडांना तांब्याचे शंट (करंटला जादा वाट देणारे तुकडे) बसवले.

शंकेखोर
१५ वॅट... शून्य रेझिस्टन्सवाल्या मशीनला. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं, परत विचारणार नाही.

नुसताच_वाचक
बालिश प्रश्न आहे, हसू नका. प्रोटॉन तासन्‌तास फिरत असतात, मग गुरुत्वाकर्षणानं खाली पडत नाहीत का? डायपोल तर आडवं वळवतो.

काटकोन
बालिश अजिबात नाही, आणि पडतात की! इतर कुठल्याही वस्तूसारखेच पडतात. बीमच्या पाइपमध्ये मधोमधपासून खाली १८ मिमीच्या आसपास जागा असते, तेवढं पडायला ६० मिलिसेकंद. सेकंदाला ११,२४५ फेऱ्या या हिशोबानं सातशेच्या आत फेऱ्यांत बीम तळाला टेकला असता. वाचवतो तो क्वाड. मधून नॅनोमीटरनं खाली घसरला की फील्ड त्याला वर ढकलतं, परत घसरला की परत ढकलतं. खरं सांगायचं तर क्वाडला हे काम जाणवतही नाही, मॅग्नेट बसवताना राहिलेल्या मिलिमीटरच्या काही दशांश भागाच्या चुकांचं त्याला याहून कितीतरी जास्त निस्तरावं लागतं, आणि त्यासाठी वेगळे छोटे करेक्टर मॅग्नेट शेकड्यांनी लावलेत.

नुसताच_वाचक
म्हणजे पडतच राहतात आणि दर वेळी कोणीतरी झेलतं. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).